कृपागुणांनी तारणाचा हिशेब चुकतो

मा. संपादक,

गुड फ्रायडे आणि ईस्टर जवळ आले की लेखांत, उपदेशांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांत एक दृष्टांत हमखास भेटतो. दहावीला पास व्हायला 35 गुण लागतात, मुलाला 32 पडले, तीन कृपागुण मिळाले आणि तो पास झाला. देवाची कृपाही तशीच. ‘कृपा’ हा शब्द दोन्हीकडे असल्यामुळे हा दृष्टांत चटकन पटतो. पण ख्रिस्ती शिकवण जे सांगते त्याच्या तो अगदी उलट आहे, म्हणून हे पत्र.

कृपागुण मिळण्यासाठी आधी 32 मिळवावे लागतात. चार गुण पडलेल्याला ते कोणी देत नाही. म्हणजे बहुतेक वाट माणसाने चालायची आणि शेवटची दोन पावले देवाने उचलून न्यायची, असा अर्थ निघतो. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपण दुर्बळ असताना, पापी असताना, देवाचे वैरी असताना ख्रिस्त आपल्यासाठी मेला. तिथे काठावरच्यांसाठी वेगळी सवलत नाही.

गुणपत्रिकेत दुसरी अडचण सरासरीची. दहा आज्ञांपैकी नऊ पूर्ण पाळल्या आणि एक मोडली, तर सरासरीने 90 टक्के होतात आणि पेढे वाटले जातात. बायबलातल्या आपल्या पत्रात याकोब मात्र (2:10) म्हणतो की सगळे नियमशास्त्र पाळून एकाच बाबतीत चुकलेला सगळ्याविषयी दोषी ठरतो. हे बेरजेचे गणित नाही, गुणाकाराचे आहे: नऊ अवयव 1 आणि एक 0, तर गुणाकार 0. कारणही तो पुढच्याच ओळीत देतो. सगळ्या आज्ञा एकाच्याच तोंडच्या आहेत, त्यामुळे एक मोडणे म्हणजे त्याचेच मन मोडणे. काही जण हाच शून्याचा गुणाकार दुसऱ्यांच्या सत्कर्मांची किंमत काढायला वापरतात. ते चूक आहे. याकोब मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्याच, माणसांशी बोलतो आहे, श्रीमंताला पुढे बसवून गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांशी.

मग कोणते गणित लावावे? उत्तर मराठी ख्रिस्ती भाषेतच आहे. पतसंस्थेत ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी ठेवलेले सोने किंवा सातबारा. चर्चमध्ये ‘तारण’ म्हणजे उद्धार. व्युत्पत्तीचा दावा मी करत नाही, पण मराठी बायबलातले शेजारचे शब्दही व्यवहारातलेच आहेत. इब्री लोकांस पत्रात येशू ‘जामीन’ आहे. पवित्र आत्मा हा ‘विसार’ आहे, म्हणजे पुढे पूर्ण मिळणाऱ्या वतनापोटी आज हातात पडलेली रक्कम. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व (देवापुढे नीतिमान ठरणे) म्हणून ‘गणला’ गेला. या गणण्यासाठीचे ग्रीक क्रियापद रोमकरांस पत्राच्या एकट्या चौथ्या अध्यायात 11 वेळा येते. पौल जमाखर्चाच्या भाषेत बोलतो आणि आपण ते गुणपत्रिकेत कोंबतो.

येशूने स्वतः घातलेले गणित मत्तय 18 मध्ये आहे. ते फळ्यावर करून पाहावे. एका चाकरावर राजाचे 10,000 तालंत देणे होते. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. गुणाकार 6 कोटी दिवसांचा येतो. वर्षाला 300 दिवस काम धरले आणि पोटाला काही खाल्ले नाही असे मानले, तरी 2 लाख वर्षे. हा चाकर राजाच्या पाया पडून काय मागतो? मुदत. थोडे थांबा, सगळे फेडतो. आजच्या भाषेत, हप्ते बांधून द्या. राजा हप्ते बांधत नाही, सगळे देणे सोडतो. बाहेर पडताच हाच चाकर 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिवसांची मजुरी काही क्षुल्लक नाही, तीन-चार महिन्यांची कमाई झाली. पण प्रमाण 6 लाखांस 1 आहे. ते मांडल्याशिवाय दृष्टांताचा चटका लागत नाही, आणि संडे स्कूलमध्ये नेमके तेच राहून जाते.

सत्कर्मांनी पाप का फिटत नाही, हे सांगताना व्याजाचे उदाहरण देतात. एक लाखाचे कर्ज, महिना शेकडा दोन व्याज, भरणा 1,500. व्याजच 2,000, म्हणून वर्षभरात 18,000 भरूनही बाकी 1,06,706 होते. आकडा बरोबर आहे, पण दृष्टांत गळका आहे, कारण हप्ता 2,500 केला की कर्ज उतरू लागते. ऐकणारा म्हणेल, मग जास्त पुण्य करू. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने 1098 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातला मुद्दा वेगळा आहे, आणि तो किराणा दुकानात चांगला कळतो. वाण्याकडे मागची उधारी 4,000 आहे. आज 300 चा माल घेतला आणि 300 रोख मोजले. मागची बाकी किती? 4,000. आजचे पैसे आजच्या मालाचे झाले. देवावर पूर्ण प्रीती आणि शेजाऱ्याशी नीट वागणे हे रोजचेच देणे आहे. ते चुकते केले तर आजचे खाते बरोबर, कालचे तिथेच. लूक 17:10 मध्ये येशू हेच सांगतो: सगळे केल्यावरही म्हणा की आम्ही कर्तव्य तेवढेच केले. शिल्लक पडतच नाही, तर मागच्या खात्यात वळती काय करणार?

पुढचा प्रश्न माफीचा. देवाने नुसते पुसून टाकायचे होते, क्रूस कशाला? महाराष्ट्रात हे समजावणे अवघड नाही. 2017 आणि 2019 च्या शेतकरी कर्जमाफीत शेतकऱ्याच्या खात्यावरचा आकडा गेला, पण हवेत गेला नाही. तो सरकारी तिजोरीच्या नावे पडला आणि तिथून बँकेला रक्कम गेली. माफी म्हणजे देणे दुसऱ्याने अंगावर घेणे. पौलानेही फिलेमोनाला एका दासाबद्दल तसेच लिहिले: त्याच्याकडून काही येणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन.

हा दृष्टांत घसरतो कुठे, तेही सांगायला हवे. कर्जमाफीत येणेकरी बँक आणि भरणारे सरकार, असे दोन पक्ष वेगळे असतात. तीच चौकट क्रूसावर बसवली की रागावलेला बाप आणि निरपराध तिऱ्हाईत असे चित्र उभे राहते, आणि ऐकणाऱ्याला ते अन्यायाचे वाटते. ते खरोखरच अन्यायाचे आहे. ख्रिस्ती शिकवण म्हणते की देव ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता (2 करिंथ 5:19). तोटा येणेकऱ्यानेच सोसला. ख्रिस्ताचे मरण ही माणसाच्या सुटकेची खंडणी आणि ती सैतानाला पोचली, अशीही एक जुनी मांडणी होती. चौथ्या शतकात धर्मपंडित नाझियांझसच्या ग्रेगरीने ती संतापून नाकारली. दृष्टांतातली प्रत्येक बाजू ओढून ताणून जुळवू नये.

एक लोकप्रिय दाखलाही जपून वापरावा. क्रूसावरचा ‘पूर्ण झाले’ हा शब्द त्या काळी पावतीवर ‘रक्कम पूर्ण मिळाली’ अशा अर्थाने लिहीत, असे छातीठोक सांगितले जाते. त्याचा आधार कच्चा आहे. शब्दाचा सरळ अर्थच पुरेसा आहे.

मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा हिशेब मोठ्यांनाही अडकवतो. दिवस 12 तासांचा धरू. पहाटे आलेल्यांचे 12 तास, मग 9, 6, 3 आणि शेवटच्यांचा 1 तास. मजुरी सगळ्यांना एक दिनार. ताशी दर 1/12 पासून 1 पर्यंत, बारा पट फरक. तरी कोणाची मजुरी कापली गेली? कोणाचीच नाही. पहिल्यांना ठरलेले मिळाले. दर काढायला बसलो की अन्याय दिसतो, ठराव वाचला की दिसत नाही. येशूशेजारी क्रूसावर असताना शेवटच्या घटकेला वळलेल्या चोराचे काय, या प्रश्नाचे उत्तर याच गणितात आहे.

विश्वास अधिक कृती बरोबर तारण, की विश्वासातून तारण आणि मग कृती, या समीकरणावरून पश्चिमेकडचे चर्च कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दुभंगले. नीतिमत्त्व नुसते गणले जात नाही, ते माणसात ओतलेही जाते, असे कॅथलिक पक्षाने 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत मांडले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्युथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) पक्षांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देवाकडून माणसाचा स्वीकार केवळ कृपेने, आणि सत्कर्मे हे त्याचे फळ. वसईतल्या कॅथलिक आणि अहिल्यानगरातल्या प्रोटेस्टंट वाचकांनी एकमेकांना समीकरणे ऐकवण्यापूर्वी ही घोषणा वाचावी.

शेवटी लूक 15, कारण वहीखाते जिथे थांबते ते तिथे दिसते. शंभरातले एक मेंढरू हरवते, दहांतले एक नाणे, दोनांतला एक मुलगा: 1 टक्का, 10 टक्के, 50 टक्के. कोणताही व्यापारी 1 टक्का तूट धरूनच चालतो. मेंढपाळ 99 रानात सोडून निघतो. धाकटा मुलगा घरी येताना वाटेत हिशेब जुळवतो: मी पाप केले आहे, मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला मजुरासारखा ठेवा. बापापुढे तो पहिली दोन वाक्ये म्हणतो. मजुरीचे तिसरे वाक्य तोंडातच राहते, कारण तोवर बाप चाकरांना झगा आणायला सांगत असतो.

आपला,
एक वाचक