टँकरवरचा 'इन'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शालेय पानावर मागच्या आठवड्यात इंग्रजी उपसर्गांचा तक्ता आला होता. सातवीतल्या नातीने तो कापून फ्रिजवर चिकटवला. त्यात 'इन' म्हणजे 'नाही' एवढेच आहे. इनकरेक्ट, इनकम्प्लीट, इनव्हिजिबल. तिथवर ठीक.

रविवारी तिला स्कूटरवर घेऊन वाढे फाट्याकडून येत होतो. पुढे पेट्रोलचा टँकर, त्याच्या पाठीवर लाल अक्षरांत 'हायली इनफ्लेमेबल'. पोरीने तक्ता लावला आणि म्हणाली, "आबा, म्हणजे अजिबात पेट न घेणारा."

मी हायवेच्या पंपावर 26 वर्षे कॅशियर होतो. टँकर आला की आधी अर्थिंगची तार, वाळूच्या बादल्या जवळ, मग डिप, म्हणजे पट्टी बुडवून माल मोजणे, आणि डेन्सिटी, म्हणजे घनता तपासणे. कुणाच्या खिशात काडेपेटी दिसली तर मालक त्याला रस्त्यापलीकडे पिटाळायचे. आमच्या चौथी शिकलेल्या पोरांनाही त्या लाल अक्षरांचा अर्थ बरोबर ठाऊक होता. त्यांनी तक्ता पाहिलेला नव्हता, एवढेच.

हा 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इनफ्लामारे' म्हणजे पेटवणे. डॉक्टर माझ्या गुडघ्याला इन्फ्लमेशन झालंय म्हणतात, तेही याच घरातले. आपणही त्याला दाहच म्हणतो. आणि चुकते ती काही फक्त आमची नात नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेने 1920 च्या दशकातच, 'इन'मुळे लोक फसतील म्हणून, नुसते 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. दोन्हींचा अर्थ एकच, पेट घेणारे. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणायचे.

नातीला हे पटेना. एकच उपसर्ग दोन तोंडांनी कसा बोलेल? मग तिला आपला 'वि' दाखवला. विफल म्हणजे फळ नसलेला, पण विख्यात म्हणजे ख्याती नसलेला नव्हे. या पत्राच्या माथ्यावरच्या 'वि. वि.'मधला विशेषही शेष नसलेला नव्हे. तिथे मात्र पोरगी हसली. हे तिला आधीपासून येत होते, फक्त इंग्रजीच्या तासाला ते दप्तरातच राहायचे.

'अन'ची गतही तीच. 2000 साली देशभर शिशाशिवायचे पेट्रोल आले तेव्हा आम्ही ते 'अनलेडेड' म्हणून विकले. त्यात शिसे नाही, सरळ अर्थ. पण टँकर 'अनलोड' करा म्हटले की भरलेला टँकर रिकामा करायचा असतो. तिथे 'अन' म्हणजे 'नाही' नव्हे, केलेले उलटवणे.

तेव्हा पुढच्या तक्त्यात 'इन'ला दोन ओळी द्याव्यात आणि त्यातली एक टँकरची असावी. जागा पुरत नसेल तर 'प्री' आणि 'पोस्ट' खुशाल गाळा. मोबाइलच्या प्रीपेड-पोस्टपेडने ते पोरांना केव्हाच शिकवलेत.

आपला,
एक निवृत्त पंप कॅशियर
गोडोली, सातारा