वाचनालयाच्या छपरासाठी पुन्हा एकदा हाक

सर्व सभासद, माजी सभासद आणि मुंबई-पुण्यात असलेले गावकरी यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या मोठ्या दालनाची मधली तुळई खचली आहे. गेल्या पावसात कपाटं भिंतीपासून ओढून घेतली, तरी मासिकांचे जुने गठ्ठे भिजलेच. मिरगाच्या आत कौलं उतरवून तुळई बदलली नाही, तर यंदा वाचकांना आत बसवायची माझी छाती नाही.

नव्या सभासदांसाठी थोडं सांगतो. पाया 1940 साली घातला, तेव्हा नकाशात वर स्लॅब होता. दुसरं महायुद्ध चालू होतं; 1941 साली सरकारने लोखंड-पोलाद वितरण नियंत्रणाचा आदेश काढला आणि परवान्याशिवाय सळई मिळेना. पाठोपाठ सिमेंटही नियंत्रणात गेलं. जो माल होता तो आधी लष्कराच्या धावपट्ट्यांना, बरॅकींना. मार्च 1942 मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं, तसा ब्रह्मी सागही यायचा थांबला. सळईसाठी केलेल्या अर्जांची फाइल दप्तरात आहे. शेवटच्या अर्जाच्या पाठीवर पेन्सिलीने चुन्याचा हिशेब मांडलेला आहे. तिथे आपल्या मंडळींनी वाट बघणं सोडलं.

मग चिरे चुन्यात बसले. चुना मळायच्या घाणीला बैल एका सभासदाने दिले, तेही पेरणी तोंडावर असताना. गावातल्या एका आजींनी आपल्या पडक्या घराच्या ऐनाच्या तुळया देऊन टाकल्या आणि दारात उभं राहून स्वतः गाडीत भरून घेतल्या. मंगळुरी कौलं मचव्यातून आली, तांडेलांनी नोर, म्हणजे मचव्याचं भाडं, घेतला नाही. खिळे मिळत नव्हते, म्हणून शाळेतली मुलं जुन्या फळ्यांचे खिळे उपटून दगडावर ठोकून सरळ करत. परवा शिडीवर चढलो तेव्हा वाशात ते खिळे पाहिले. मध्ये किंचित वाकलेले आहेत, पण एकही सुटलेला नाही. लढाई 1945 ला संपली तरी नियंत्रण लगेच उठलं नाही, स्लॅब राहून गेला तो गेलाच.

चूक आपल्याच कारकिर्दीत झाली. मागे आपण बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, भिंतीतली ओल आत कोंडली आणि तुळईचं टोक कुजलं. म्हणून आता गिलावा काढून पुन्हा चुनाच लावायचा आहे.

दोन वर्षांपूर्वी असंच पत्र पाठवलं होतं, अकरा जणांचं उत्तर आलं. त्या अकरा जणांचे उपकार विसरणार नाही. पण याच दालनात बसून परीक्षा दिलेल्या कितीतरी जणांनी साधी विचारपूसही केली नाही, याचं वाईट वाटलं. लढाईच्या त्या दिवसांत पैसे जमले होते, माल मिळत नव्हता. आज माल हवा तेवढा आहे.

अंदाजपत्रक फलकावर लावलं आहे. रोख वा वाचनालयाच्या नावे धनादेश, संध्याकाळी 5 ते 7, सोमवार बंद. जुनं ऐन किंवा सागाचं लाकूड, कौलं, चुनाही चालेल, आधी कळवावं. श्रमदान रविवारी सकाळी 8 पासून, कोयती-घमेली आणावीत. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये.

आपला,
चिटणीस