साध्या फोनवाल्यांनी काय करायचे?

महोदय,

२०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड आला आणि सुट्ट्या पैशांची कटकट बरीच मिटली, हे मान्यच करायला हवे. मात्र बटणांचा साधा फोन वापरणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आणलेल्या, इंटरनेटशिवाय नुसत्या फोन कॉलवरही चालणाऱ्या ‘यूपीआय १२३पे’ या सोयीबद्दल आमच्या शाखेत विचारले, तर ‘मुलाला स्मार्टफोन घेऊन द्यायला सांगा’ असे उत्तर मिळते. (पेन्शनवर जगणाऱ्याला सल्ला तेवढा फुकट!) रोखीच्या खिडक्या कमी करण्याआधी बँकांनी या सोयीची माहिती देणारा मराठी फलक दर्शनी भागात लावावा आणि आठवड्यातून एक दिवस कर्मचाऱ्याने ती खातेदारांच्या फोनवर सुरू करून द्यावी.

– एक ज्येष्ठ खातेदार, सातारा