कप शाबूत पोचला, त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

चारचौघांत असं पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे माहीत आहे. म्हणून तुमचं नाव लिहीत नाही, आणि ज्या काचसामानाच्या कारखान्यात तुम्ही पॅकिंग खातं सांभाळलंत त्याचंही नाही. पण हल्ली मातीकाम करणारी मंडळी मला विचारतात, "तुझी भांडी वाटेत फुटत कशी नाहीत गं?" आणि मी सांगत सुटते, जणू ही सगळी अक्कल माझीच. ऐकणारे वर "किती विचार केलायस!" म्हणतात, तेव्हा कसंनुसं होतं. विचार तुमचा होता. तेवढं एकदा उघडपणे सांगावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी घडवलेले कप मी ऑनलाइन विकते, आणि आपली ओळख त्यातल्याच एका कपावरून झाली. तुम्ही ऑर्डर दिलीत, पार्सल पोचलं आणि निरोप आला: "कप शाबूत आला. पण नशिबाने आला. खोक्याचे फोटो पाठवतोय, नीट बघा." कपाचा एकही फोटो नव्हता. खोक्याचे मात्र सहाही बाजूंनी होते. दबलेल्या कोपऱ्याभोवती पेनाने गोल काढलेला, टेप उचकटली तिथे बाण, आणि आत कप एका बाजूला सरकून पुठ्ठ्याला टेकला होता तिथे फुली. ऑनलाइन विकणाऱ्याला असल्या निरोपाची सवय नसते. आम्हाला एक तर "अप्रतिम!" येतं, नाहीतर तुकड्यांचा फोटो आणि "पैसे परत कधी?" वस्तू धडधाकट पोचलेली असताना, पाच स्टार देऊन, वर खोट काढणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. खरं सांगू? राग आला होता. निदान कप आवडला का ते तरी सांगायचं! (ते तुम्ही अजूनही सांगितलेलं नाही.)

मग मी तिरसटपणे विचारलं, "कप फुटला नाही ना, मग नशीब कसलं?" त्यावर तुम्ही जे लिहिलंत ते मी चाकासमोरच्या भिंतीवर चिकटवलंय: "कप दाबून फुटत नाही, वाकवून फुटतो. आणि तुमच्या कपाला वाकवायची आयती जागा आहे, ती म्हणजे कान."

मातीकाम करणाऱ्याला हे माहीत असायला हवं, आणि असतंही. भाजलेली माती दाब चांगला सोसते, ताण मात्र तिला अजिबात सोसवत नाही. पण ते ज्ञान आम्ही भट्टीपुरतं वापरतो. सुकताना तडा का गेला, ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर, जाळी का पडली, असल्या गोष्टींसाठी. भांडं भट्टीतून बाहेर आलं, ठण्ण वाजलं, की आमच्या लेखी काम संपलं. पुढचं काम कुरिअरवाल्याचं. तुमच्या लेखी मात्र भांडं गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत घडतच असतं. समोरासमोर विकलेली वस्तू माणूस कागदात गुंडाळून, जपून नेतो. ऑनलाइन विकलेली वस्तू कुरिअरच्या सरकत्या पट्ट्यांवरून घसरते, गाडीत इतर खोक्यांखाली दबते, उंबऱ्यापाशी टाकली जाते. "नाजूक, जपून हाताळा" हे माझं हाताने रंगवलेलं सुरेख लेबल बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "पट्ट्याला वाचता येतं का?"

त्यानंतरचे कित्येक आठवडे तुम्ही मला खोकं वाचायला शिकवलंत. पुठ्ठ्याच्या मधला तो नागमोडी थर उभा ठेवायचा, आडवा नाही. वरचं ओझं त्या उभ्या नळ्या पेलतात. त्यातही खरा भार खोक्याच्या उभ्या कडा आणि कोपरे घेतात, म्हणून कोपरा एकदा चेपला की ते खोकं बाद. माझी बचत म्हणजे घरी आलेली जुनी खोकी उलटी करून वापरणं. तीवर तुम्ही फुली मारलीत. दमट हवेत तर चांगला पुठ्ठासुद्धा निम्मी ताकद घालवतो, तेव्हा खोक्यांचा गठ्ठा जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवायचा नाही. तीन पदरी पुठ्ठा एका कपाला पुरतो, सहा कपांच्या संचाला पाच पदरी. टेप नुसती मधल्या फटीवर मारायची नाही, दोन्ही टोकांच्या कडांवरही मारायची, वरून इंग्रजी एच दिसला पाहिजे.

मध्येच तुम्ही गोष्टीही सांगायचात. नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये निघालं आणि ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी होतं; मग १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. "आमच्या धंद्याचा मूळपुरुष," असं तुम्ही त्याला म्हणता. बबल रॅप तर १९५७ साली भिंतीला लावायचा उठावदार कागद बनवायच्या खटपटीतून निघालं आणि भिंतीवर कुणालाच नको झालं, हे ऐकल्यावर मी पुन्हा कधी ते कौतुकाने फोडत बसले नाही.

सगळ्यात जड गेलं ते आपटणं. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन नावाची संस्था १९४८ पासून पार्सलच्या चाचण्या ठरवते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तिच्या अगदी प्राथमिक चाचणीत हलकं खोकं सुमारे ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सपाट बाजूंवर. म्हणजे साधारण टेबलाच्या उंचीवरून. तुम्ही म्हणालात, "करून बघा." मी म्हटलं, ठीक आहे, एखादा फसलेला कप घेते. तर म्हणे, "नाही. विकायला काढलेला घ्या. फसलेला फुटला तर तुम्हाला काही वाटणार नाही, आणि वाटलं नाही तर तुम्ही काही बदलणार नाही." स्वतः चाकावर उठवलेला, कान ओढून जोडलेला, दोनदा भाजलेला कप खोक्यात भरून जमिनीवर टाकताना हात कसा आखडतो हे ज्याने टाकलाय त्यालाच कळेल. कोपऱ्यावर टाकला तेव्हा काही झालं नाही. कडांवरही नाही. सपाट बाजूवर पडला तेव्हा आतून बारीक आवाज आला. उघडून बघितलं तर कपाला ओरखडा नाही, कान मात्र दोन्ही सांध्यांपाशी स्वच्छ तुटलेला, जणू कुणी उचलून बाजूला ठेवलाय. कपाभोवती कागद भरपूर होता. कानाच्या आतल्या पोकळीत काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी आधी कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा भरते, मग कान आणि कप मिळून एक सलग गोळा होईल असं गुंडाळते, आणि त्यानंतर बाकीचं. हे एवढंसं आहे. जे मला विचारतात त्यांना पहिलं हेच सांगते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावर "एवढंच?" असं उमटतं.

पण तुमचे आभार मानायचं मोठं कारण वेगळंच आहे. तुमच्यामुळे माझं पॅकिंग सुधारलं हे झालंच, शिवाय माझे कप बदलले. मी कपाचा कान ऐटीत बाहेर काढायची, कपाच्या भिंतीपासून चांगला पाच सेंटिमीटर. फोटोत फार देखणा दिसायचा. तुम्ही हिशेब मांडलात. कप ८ सेंटिमीटर रुंद, ९ उंच, कानासकट १३. चारी बाजूंनी आणि खाली-वर पाच-पाच सेंटिमीटर भरण, म्हणजे खोकं २३ × १८ × १९. पुष्कळ कुरिअर कंपन्या हा गुणाकार ५००० ने भागतात आणि येणारं आकारमानी वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्याच्यावर लावतात. माझा कप ४०० ग्रॅमचा, आणि भाडं १.५७ किलोचं, अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर जात ते दोन किलोचं. कान दोन सेंटिमीटर आत घेतला, तर १.४४, म्हणजे दीड किलो. "दोन सेंटिमीटर ऐटीसाठी गिऱ्हाईक अर्धा किलो हवेचे पैसे देतंय," असं तुम्ही लिहिलंत. मी चिडून आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग कान आत घेऊन बघितला. बोटं नीट बसतात, कपाचा तोल उलट सुधारला, आणि तरफ आखूड झाल्यामुळे सांध्यावर येणारा ताणही कमी. तीन सेंटिमीटरच्या कानाचा कप आज माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो. देखणेपणात तो आधीच्यापेक्षा कणभर कमी आहे, असं माझं अजूनही मत आहे.

दुसरं भांडण मापावरून. प्रत्येक नग वेगळा, हीच तर हातकामाची खूण, असं मी ठणकावून म्हणायची. तुम्ही शांतपणे विचारलंत, "बरं, पण खोकं किती मापाचं मागवू?" ओली माती सुकून, भाजून निघेपर्यंत आक्रसते; माझी स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती साधारण १२ टक्के. ९ सेंटिमीटरचा कप हवा तर चाकावर तो जवळजवळ सव्वादहा उठवावा लागतो. त्यासाठी आता मी चाकाशेजारी दोन काड्या रोवल्यात, एक उंचीची, एक रुंदीची. बाहेरचं माप ठरलेलं. आतला पोत, कड, ग्लेझचा ओघळ, कानाचा पीळ, सगळं माझ्या मर्जीचं. मापात बांधल्यावर हात जखडेल अशी भीती होती. झालं असं की ज्या गोष्टी मी आधी नशिबावर सोडायची, त्या आता ठरवून वेगळ्या करते.

फोटो आणि वर्णनाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण तिथे तुम्ही फार बोलला नाहीत, नेमकं बोललात. "फोटोवरून मला वाटलं होतं, मोठा असेल." त्यानंतर माझ्या प्रत्येक वस्तूच्या फोटोंमध्ये एक फोटो ती वस्तू हातात धरून काढलेला असतो. धारकता मी काठोकाठ भरून मोजायची. तुम्ही म्हणालात, काठोकाठ कोण भरतं? आता दोन्ही आकडे लिहिते. वजनही लिहिते. ग्लेझचा निळा प्रत्येकाच्या पडद्यावर निराळा दिसतो, म्हणून खिडकीच्या मंद उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून एक साधा फोटो असतोच, कितीही नीरस दिसला तरी. परत पाठवलेल्या कपांची संख्या त्याने घटली. गिऱ्हाइकांची पत्रंही बदलली. "रंग वेगळा आलाय" ऐवजी "रंग फोटोतल्यासारखाच आहे" असं लिहून येतं, आणि मला ते "अप्रतिम"पेक्षा जास्त आवडतं. हा तुमचाच संसर्ग.

सगळंच मी ऐकलं असं नाही. तुम्ही कान जाड करायला सांगितला होतात, तो मी केला नाही. जाड कान धरायला बोजड लागतो, आणि पातळ भिंतीला जाड कान जोडला तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सुकून सांध्यातच चिरतात. तुम्ही ते मान्य केलंत, "हे तुमचं खातं" म्हणून. लांब तोटीची किटली मात्र मी ऑनलाइन विकणं बंद केलं. दोन खोकी, एकात एक, झाकण वेगळं गुंडाळून, सगळं करून पाहिलं. पाठवण्याचा खर्च किटलीच्या किमतीच्या अंगावर येतो. ती आता प्रदर्शनातच मिळते. काही वस्तू प्रवासाच्या नसतात, आणि ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगता येतं, हेसुद्धा मला तुमच्याशी वाद घालतानाच सुचलं.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. संच पाठवू का विचारलं तर म्हणालात, "पाठवा, पण मी विकत घेईन, नाहीतर खोट काढता येत नाही." म्हणून हे पत्र. यात काढायला खोट सापडेलच.

आणि एक अडलंय. मोठ्या बशा उभ्या भरायच्या, आडव्या नाहीत, हे समजलं आणि जमलंही. पण ३२ सेंटिमीटरची बशी उभी भरली की खोकं इतकं उंच आणि अरुंद होतं की लोक ते हमखास आडवंच ठेवतात, आणि मग सगळ्या बशा पुन्हा आडव्या. खोक्याचा तळ रुंद करावा तर आकारमानी वजन वाढतं. दोन खोक्यांचे फोटो सोबत पाठवतेय, सहाही बाजूंनी. सवडीने बघून कळवा.

तुमची,
कपवाली