'ऱ्या'साठी आभार

काका,

दुकानात येऊन तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. पहिल्या वेळी तुम्ही "च्या घेतलंस गो?" म्हणत उठून गेलात. दुसऱ्या वेळी दाखल्यांच्या झेरॉक्सची रांग दारापर्यंत लागली होती. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आणखी एक कारण आहे. माझ्यासारख्या घरच्या घरी आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ विकणाऱ्या बायका आता मला विचारतात, साइटला थीम, म्हणजे तिचं तयार रूपडं, कुठली लावलीस? नुसतं नाव सांगून भागत नाही. तुम्ही ती कशी निवडायला लावलीत, ते सांगावं लागतं.

मागच्या मिरगाच्या सुमाराला माझी काय दशा होती ते तुम्ही पाहिलंत. सीझन संपलेला, आमसुलांचे डबे माळ्यावर, आणि विक्री सगळी व्हॉट्सॲपवर चाकरमान्यांच्या ओळखीपाळखीने. मुंबईच्या भाच्याने साडेचार हजारांची थीम विकत घेऊन साइट उभी करून दिली होती. पोराने मायेने केलं, त्याला बोल नाही. डेमोत ती थीम राजवाडाच होती. काळी पार्श्वभूमी, आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो, बारीक राखाडी अक्षरं, लाकडी फळीवर कुठल्याशा परदेशी स्वयंपाकघरातली लिंबं. महिनाभरात तीन ऑर्डरी आल्या. त्यातल्या दोन माझ्या नणंदेच्या.

मी तुमच्याकडे आले ती आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटल्यांची लेबलं छापायला. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर टाइप करता करता तुम्ही सहज विचारलंत, हा साइटवर कुठे आहे? मी फोन पुढे केला. साइट उघडेपर्यंत तुमच्या हातची लग्नपत्रिकांची एक गड्डी कापून झाली. मग चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही म्हणालात, "बायो, ह्यां सगळा बरा दिसता, पण तुझी आमसुलां खंय असत?"

नव्हतीच. पहिल्या पडद्यावर लिंबं होती, दुसऱ्यावर इंग्रजीत काहीतरी स्वागत होतं. आगळाचा रंग तुम्हाला ठाऊकच आहे, गडद जांभळा, जवळजवळ काळा. काळ्या पार्श्वभूमीवर बाटली पार बुडाली होती, वर झाकण तेवढं तरंगत होतं.

त्या दिवशी पत्रिकांच्या आल्बमबद्दल तुम्ही जे सांगितलंत, ते मी आता सगळ्यांना ऐकवते. नमुन्यातल्या नवरा-नवरीची नावं नेहमी दोन-तीन अक्षरांची असतात आणि सुंदर दिसतात. छापायला येतं ते सहा अक्षरी आडनाव, पुढे "यांचे कनिष्ठ चिरंजीव", खाली दोन काका आणि तीन आत्या. तेव्हा कळतं पत्रिका कशी आहे ती. थीमचंही तसंच. डेमोतले फोटो काढून टाकायचे, आपल्या फोनवर काढलेले, जरा वाकडे आलेले फोटो घालायचे, आपल्या मालाचं सगळ्यात लांब नाव लिहायचं, आणि मग बघायचं काय उरतं.

आपलं सगळ्यात लांब नाव निघालं "खाऱ्या काजूगरांचं पाकीट, अर्धा किलो". ते राजवाड्यात टाकलं आणि तुम्ही कपाळाला हात लावलात. तुम्ही सावंतवाडीच्या छापखान्यात खिळे जुळवत मोठे झालेले, त्यामुळे मला इतके दिवस न दिसलेलं तुम्हाला क्षणात दिसलं. मथळ्याच्या अक्षरांमध्ये थीमने मुद्दाम अंतर सोडलेलं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. आपली शिरोरेषा मात्र तुटते आणि शब्द पडक्या दातांसारखा दिसतो. ओळी इतक्या दाटून बसवलेल्या की "पाकीट"वरची वेलांटी कापली गेलेली. आणि तो "ऱ्या"! चंद्रकोरीसारखा र यायला हवा, तिथे खाली टिंब दिलेला, पाय मोडलेला र आणि शेजारी सुटा या. "जो दुकानदार खाऱ्या लिवूक शकना नाय, तेचे खारे काजू कोण घेतलो?" हे तुमचं वाक्य मला लागलं होतं, आता सांगते. पण खरं होतं.

त्यातलं मला उमगलं ते असं. पुष्कळ थीमचा मूळ फॉन्ट इंग्रजीपुरताच असतो. त्यात देवनागरी नसली की फोन आपल्या पदरची अक्षरं घालतो, म्हणून किंमत एका वळणाची आणि नाव दुसऱ्याच वळणाचं दिसतं. तुम्ही मुक्ता हा फॉन्ट लावायला सांगितलंत. तो मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट मिळणारा. अक्षरांमधलं अंतर शून्यावर आणलंत, ओळींना श्वास घ्यायला जागा दिलीत. साइटची भाषा सेटिंगमध्ये जाऊन मराठी करायला लावलीत, कारण ती हिंदी किंवा इंग्रजी राहिली तर ज्या फॉन्टांत मराठी रूपं आहेत तेही आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवत नाहीत. शासनाने 2009 साली निर्णय काढून हीच रूपं प्रमाण ठरवली, हे तुम्ही ज्या अभिमानाने सांगितलंत, त्यावरून वाटलं तो निर्णय तुमच्याच दुकानात टाइप झाला असावा.

मग तुम्ही टाकाऊ कागदाची मोबाइलएवढी पट्टी कापून माझ्या हातात दिलीत. गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा पहिल्यांदा काय विचारतं ते क्रमाने लिही म्हणालात. मी लिहिलं: काय आहे, किती ग्रॅम, किती रुपये, आगळात साखर आहे का, पुण्याला किती दिवसांत येईल. तुम्ही म्हणालात, दशावताराच्या हँडबिलात नाटकाचं नाव, गाव आणि रात्र एवढं लांबून वाचता आलं पाहिजे, बाकी नंतर. ज्या थीममध्ये ही पट्टी पहिल्या पडद्यावर बसेल तीच घ्यायची. त्या कसोटीवर आपण सात थीम तपासल्या आणि राहिली ती वूकॉमर्सवाल्यांची (वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनावर दुकान मांडून देणारे) फुकटची, साधी स्टोअरफ्रंट. भाच्याला फोन करून सांगताना मला जरा ओशाळं झालं होतं. तो म्हणाला, मावशी, ही फार साधी आहे. मी म्हटलं, आमसूल तरी कुठे नटून येतं?

वेगाचं तुम्ही गुगलच्या पेजस्पीडवर, म्हणजे पान किती लवकर उघडतं ते मोजणाऱ्या साइटवर, दाखवलंत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, असं गुगलचं म्हणणं. पण तुमची खरी परीक्षा पुलाजवळच्या वळणावर होती. तिथे रेंजची एकच काडी असते, त्यातून पाऊस. सरकणारे फोटो काढून एकच ठेवला, तोही आकार कमी करून, तेव्हा कुठे पान उघडलं. एकाने मला महागडी थीम व्हॉट्सॲपवर फुकट पाठवली होती. ती तुम्ही उघडूही दिली नाहीत. असल्या चोरीच्या थीममध्ये कुणीतरी आपला कोड लपवून ठेवलेला असू शकतो, म्हणालात. थीम वर्डप्रेसच्या स्वतःच्या यादीतूनच घ्यायची, आणि घेण्याआधी ती शेवटची कधी अद्ययावत केली ते वाचायचं. हे मी वहीत लिहून ठेवलंय. तळाशी एफएसएसएआयचा नंबर, घरचा पत्ता, फोन, परतीचे नियम आणि तक्रार कुणाकडे करायची ते आलं. ऑनलाइन विक्रीसाठी ग्राहक संरक्षणाचे 2020 चे नियम आहेत, त्यांत यातलं बरंच सक्तीचं आहे. राजवाड्याच्या तळाशी फक्त थीम बनवणाऱ्याचं नाव होतं.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नव्हतं, तेही कबूल करते. लेखांचं पान ठेव, असं तुम्ही तीनदा सांगितलंत. मी म्हणाले, मला कुठे लिहिता येतं? तुम्ही म्हणालात, गिऱ्हाइकाला फोनवर जे सांगतेस ते लिही. तेव्हा गप्प बसले. श्रावणात एक दिवस वीज गेली, करमेना, म्हणून लिहायला बसले. आमच्याकडे भिरंड, रत्नागिरीत रातांबा, दुकानात कोकम, फळ एकच. साल रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा आमसूल होतं. मीठ घातलेला रस म्हणजे आगळ, साखरेतलं ते अमृत कोकम, आणि बियांचं निघतं ते तेल, ज्याच्या वड्या थंडीत भेगांना लावायच्या. शिरोड्याच्या मिठागरांवरही दोन ओळी लिहिल्या, 1930 च्या सत्याग्रहाच्या. आजेसासऱ्यांच्या तोंडून ते ऐकलेलं घरात सांगतातच. स्टोअरफ्रंटमध्ये लेखाच्या शेजारी मालाची यादी ठेवता येते, ती भाच्याने लावून दिली.

त्या लेखावरून नाशिकच्या एका बाईंचा फोन आला. त्या "रातांब्याचं सरबत" शोधत होत्या. सासर राजापूरचं, सासूबाई गेल्यावर तो शब्द घरात कुणी उच्चारत नाही, म्हणाल्या. चार बाटल्या घेतल्या. विक्री किती वाढली ते इथे लिहीत नाही, नणंद वाचेल. पण आता नणंदेच्या ऑर्डरी मोजणीत धरायची गरज पडत नाही.

तुम्ही माझ्याकडून लेबलांचे पैसे तेवढे घेतलेत. एवढ्या दुपारींचं काय, विचारलं तर म्हणालात, प्रेस बंद झाल्यापासून अक्षरांवरून भांडायला कोण मिळालं नव्हतं.

या पत्रासोबत खाऱ्या काजूगरांचं एक पाकीट मुलाच्या हाती पाठवतेय. या वेळचं लेबल मी घरीच जुळवलंय. फोडण्याआधी "ऱ्या" तपासून घ्या.

तुमची,
कोकमवाली