सोन्याची तेजी आणि खाणींचे घटते उत्पादन

माननीय संपादक महोदय,

सोन्याचे भाव चढू लागले की, खाणींतले सोने संपत आल्यामुळे भाव यापुढे चढतच राहणार, असे हमखास सांगितले जाते. या तर्काच्या भरवशावर अनेक जण आयुष्यभराची पुंजी सोन्यात घालतात, म्हणून तो तपासून पाहणे मला अत्यंत गरजेचे वाटते.

धान्य किंवा खनिज तेल वापरले की संपते. सोने मात्र उरते. आजवर खणून काढलेले जवळपास सर्व सोने, म्हणजे दोन लाख टनांहून अधिक, दागिने, नाणी आणि विटांच्या रूपात शिल्लक आहे, आणि जगभरच्या खाणी त्यात वर्षाला साधारण 3600 टनांची, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी भर घालतात. त्यामुळे या भरीत थोडी घट झाली, तरी ज्यांच्याकडे आधीच सोने आहे ते विकायला तयार आहेत की नाहीत आणि खरेदीला कोण उतरले आहे, यावरच भाव प्रामुख्याने ठरतो. 2022 पासून सलग तीन वर्षे मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोने घेतले. त्या वर्षांत खाणींचे उत्पादन तर उच्चांकाच्या आसपास होते.

दक्षिण आफ्रिकेचा इतिहास याबाबत फार बोलका आहे. 1970 मध्ये तेथील खाणींतून सुमारे एक हजार टन सोने निघाले. पुढच्या दहा वर्षांत भाव औंसाला (सुमारे 31 ग्रॅमला) 35 डॉलरवरून 850 डॉलरवर गेला, तरीही 1980 मध्ये उत्पादन सातशे टनांच्या खाली आले होते. भाव वाढल्यामुळे पूर्वी न परवडणारा, कमी सोने असलेला दगडही काढणे परवडू लागले, परंतु दगड दळण्याची क्षमता तेवढीच असल्याने तितक्याच दगडातून कमी सोने हाती आले. खाणीचे आयुष्य मात्र त्यामुळे वाढले. म्हणजे उत्पादनातील घट हे भाववाढीचे कारण नसून काही अंशी तिचा परिणाम होती, आणि ही बाब चर्चेत क्वचितच येते. आज तेथे साधारण शंभर टन सोने निघते. म्पोनेंगसारखी खाण तर जवळजवळ चार किलोमीटर खोल गेली आहे.

खाणींचा भावाशी संबंधच नाही, असे माझे म्हणणे नाही. साठा सापडल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो, त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा लगेच वाढत नाही. तथापि, जानेवारी 1980 मधील 850 डॉलरचा भाव पुन्हा दिसायला जानेवारी 2008 उजाडावे लागले, आणि दक्षिण आफ्रिकेतील उत्पादन या काळात घटत असतानाच इतर देशांतील नव्या खाणींमुळे जगाचे एकूण उत्पादन वाढले होते. महागाई धरली तर 1980 मध्ये त्या चढ्या भावाने सोने घेतलेल्यांचे नुकसान आणखी मोठे होते.

खाणींतील घटीचे वृत्त देताना जगातील एकूण साठा आणि मध्यवर्ती बँकांची खरेदी हे आकडेही त्याच वृत्तात द्यावेत, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक