शपथ झाली, आता यादी वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आमच्या भागात सर्वधर्मीय मतदार जागृतीचा मेळावा झाला. पुजारी, मौलाना, फादर, भंतेजी सगळे एका व्यासपीठावर. प्रत्येकाच्या गळ्यात हार, प्रत्येकाला पाच मिनिटं (कुणीच पाळली नाहीत), आणि शेवटी हात पुढे करून सामुदायिक शपथ. माझ्या शेजारी मंडईत मेथी-कोथिंबीर विकणारी ओळखीची बाई बसली होती. तिनंही हात पुढे करून शपथ घेतली. उठताना पदर झटकत मला म्हणाली, "बाई, शपथ घेतली खरं, पण माझं नावच न्हाई की यादीत."

मी निवृत्त शिक्षिका. शाळा सांभाळून अकरा वर्षं बीएलओचं, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम केलं. त्या बाईचं वाक्य मला व्यासपीठावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटलं, म्हणून हे पत्र.

सर्वधर्म आणि मतदान हे दोन शब्द एकत्र आले की मला सेल्मा आठवतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं हे छोटं गाव. १९६५ साली तिथल्या परगण्यात मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते आणि यादीत नावं होती जेमतेम तीनशेंची. कायद्यानं मतदानाला बंदी नव्हती, पण नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची. रांगेत दिवस घालवून खिडकीशी पोचलं की राज्यघटनेवर प्रश्न विचारायचे आणि आधीच यादीत असलेला जामीनदार आणायला सांगायचे. यादीत आपलं कुणी नसेल तर जामीनदार आणायचा कुठून? जिमी ली जॅक्सन हा सव्वीस वर्षांचा तरुण, चर्चचा सेवक, पुन्हा पुन्हा नोंदणीला जाऊन हात हलवत परत आला होता. फेब्रुवारीत एका मोर्चानंतर पोलिसाच्या गोळीनं तो गेला. त्यातूनच ७ मार्चचा मोर्चा निघाला आणि पुलावर पोलिसांनी लोकांना लाठ्या आणि अश्रुधुरानं झोडपून काढलं.

त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी देशभरच्या धर्मगुरूंना तारा केल्या, की सेल्माला या. आणि लोक आले. बॉस्टनहून जेम्स रीब हे पाद्री आले. त्याच संध्याकाळी, काळ्यांच्या खाणावळीत जेवून बाहेर पडताना त्यांच्या डोक्यात दांडकं बसलं, त्यातच दोन दिवसांनी ते गेले. सेंट लुईसहून कॅथलिक नन्स आल्या. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे आर्चबिशप याकोवोस आले. पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या तावडीतून सुटलेले, पण घरची माणसं गमावलेले रब्बी अब्राहम हेशल आले. २१ मार्चला माँटगोमरीकडे निघालेल्या मोर्चात ते पहिल्या रांगेत चालत होते. तिथंही गळ्यात फुलांचे हार होते, हवाईहून आलेले. म्हणजे माझं वैर हारांशी नाही! आपले पायच प्रार्थना करत होते असं वाटलं, असं हेशल नंतर म्हणाले. वारी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जोनाथन डॅनियल्स. पाद्री होण्यासाठी शिकत असलेला सव्वीस वर्षांचा पोरगा. तोही तारेला ओ देऊन आला, पण मोर्चा संपल्यावर पुन्हा तिथंच येऊन राहिला. काळ्या कुटुंबांच्या घरी मुक्काम, लोकांना नोंदणीसाठी मदत, कागदपत्रं, हेलपाटे. ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला. त्यानंतर पंधराच दिवसांत, २० ऑगस्टला, रूबी सेल्स या सतरा वर्षांच्या मुलीवर रोखलेली बंदूक दिसताच त्यानं तिला बाजूला ढकललं आणि गोळी स्वतः घेतली.

आपल्याकडे सुदैवानं गोळ्या खाव्या लागत नाहीत. प्रौढ मताधिकार पहिल्या दिवसापासून घटनेत आहे. तरी यादीचं दुखणं जुनंच आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. आज नाव सांगतात, पण लग्न झालं की माहेरच्या यादीतून निघतं आणि सासरच्या यादीत चढत नाही. भाड्याची खोली बदलली की माणूस 'स्थलांतरित'. ऊसतोडीला गेलेल्याच्या दाराला कुलूप दिसतं. रुक्सानाची रुखसाना होते, अनुसयाची अनसूया होते, आणि ऐनवेळी केंद्रावर वाद. अर्ज क्रमांक ७ भरून दुसऱ्याच्या नावावर हरकत घेता येते हे कार्यकर्त्यांना बरोबर माहीत असतं. पण आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाल्याशिवाय हयात माणसाचं नाव कापता येत नाही, हे ज्याचं नाव असतं त्यालाच माहीत नसतं.

यावर तोडगा मी स्वतः पाहिलेला आहे. एका वर्षी प्रारूप, म्हणजे हरकतींसाठी लावलेली कच्ची, यादी आली तेव्हा आमच्या गल्लीतल्या विहारात ट्यूबलाइटखाली ती मोठ्यानं वाचायची ठरली. शुक्रवारच्या नमाजनंतर मौलानांनी सांगितलं, "रात्री विहारात यादी वाचणार आहेत, कागद घेऊन जा." चर्चमधल्या सिस्टर चष्मा लावून अर्ज भरायला बसल्या. देवळाच्या ट्रस्टीनं झेरॉक्सचं यंत्र फुकट चालू ठेवलं, वर कागद वाया घालवल्याबद्दल सगळ्यांना ओरडलाही. यादीत सहा मेलेली माणसं जिवंत निघाली आणि एक जिवंत आजी मेलेली. ती आजी समोरच बसून होती. रात्री साडेअकराला एकदाचं संपलं. हार कुणाच्याच गळ्यात नव्हते.

धर्मस्थळं याला बिचकतात, "राजकारण नको" म्हणतात. धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहेच. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ आणखी रुंद केला आणि ते प्रकरण मूळचं आपल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतलं. पण मत कुणाला द्यायचं हे सांगणं वेगळं आणि शेजाऱ्याचं नाव यादीत आहे का ते बघणं वेगळं. दुसऱ्याला कुठला कायदा आड येतो?

आपल्याकडे एक मागणं. आपल्या अंकात पंचांग छापता, रमजानमध्ये सेहरी-इफ्तारच्या वेळा छापता. त्याच चौकटीत प्रारूप यादी कधी लागणार आणि हरकतींची शेवटची तारीख कोणती, एवढ्या दोन ओळी द्या. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (जिला अठरा पूर्ण असावी लागतात ती) होती, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर धरून चार आहेत, हेही एकदा ठळक छापा.

मेथीवाल्या बाईंचा नवीन नोंदणीचा अर्ज क्रमांक ६ मी परवाच भरला. फोटो तेवढा राहिलाय. सोमवारी मंडई बंद असते, तेव्हा काढणार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज